टेमरने निवडलेला शब्द

रेव्हनविकच्या दफनभूमीत एक चक्कर मारलीत तर तुम्हाला वाटेल, या गावात कधी कोणी मेलंच नाही. कप्तान लोक 'हा लोक सोडून निघाले' आहेत. लहान मुलं 'झोपी गेली' आहेत. प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना 'घरी बोलावून घेतलं' आहे. आणि ज्या कोळ्यांचा देह कधी हाती लागला नाही, ते सगळे 'समुद्रात हरवले' आहेत. इंग्रजीत या सगळ्याला एक सरळ, पोराटोरांनाही कळणारा शब्द आहे, डाइड. पण दगडावर तो मागणारे थोडे. यॉर्कशरची माणसं बोलायला फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण मरणापाशी आली की त्यांचीही जीभ आखडते.

हे सगळे शब्द एकाच माणसाच्या छिन्नीखालून उतरलेले, एमॉस स्टॉरच्या. थडग्यांचे दगड कोरणं हा त्याचा बापाकडून आलेला धंदा. दारात आलेल्या घरच्यांना दुःखात काही सुचत नसे. मग एमॉस हळूच एखादा शब्द पुढे करायचा आणि ते मान हलवायचे. "दगड कठीण असतोच," तो म्हणायचा, "शब्द तरी मऊ असू दे." यात त्याला थोडा अभिमानही होता, आणि तो गैर होता असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

एक शब्द मात्र त्याने कधीच कोरला नव्हता. बुडाला. दगडावर सोडाच, गावात तो कोणी तोंडानेही उच्चारत नसे. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, तशातलाच प्रकार. होडीवर तर आणखी दोन नावं काढायची बंदी होती, डुक्कर आणि पाद्री. गावचे पाद्रीबुवा यावर म्हणत, "चला, जोडीदार तरी अंगाने भरलेला मिळाला."

एमॉसचा एकुलता एक मुलगा जेबेझ समुद्रावर गेला तो परतला नाही. होडी उलटी होऊन खडकांत सापडली. बरोबरच्यांचे देह एकेक करून किनाऱ्याला लागले, त्याचा नाही. इथे प्रत्येक घराच्या लोकरी जर्सीची वीण वेगळी असते. देह दूरच्या गावी लागला तरी वीण पाहून घर ओळखतात. जेबेझच्या आईने, टेमरने, वर-खाली साऱ्या किनाऱ्यावर निरोप धाडले: दोराची वीण, खाली शिडी, डाव्या बाहीला एक टाका चुकलेला. कुठूनही उत्तर आलं नाही. त्याच्यासाठी विणायला घेतलेली दुसरी जर्सी घरात सुयांवरच राहिली, एका बाहीवाचून. ती पुरी करायची नाही आणि उसवायचीही नाही, असं तिसरा हिवाळा आला तरी चाललं होतं.

यात खरी कोंडी झाली होती हॅनाची, जेबेझच्या बायकोची. सरकारी कागद केव्हाच झाले होते, पण गावाचा कागद म्हणजे दगड. दगडावर नाव चढेपर्यंत बाईला विधवा मानत नाहीत, विहिरीवर भेटलेली प्रत्येक जण तिला अजून विचारायची, "काही खबर?" पिंपं बनवणारा सायलस तिला मागणी घालून बसला होता. भला माणूस. पण दगडाआधी पाद्रीबुवा लग्नाची घोषणा करीनात, टेमर दगडाला तयार होईना, आणि सासूला दुखवून जायची हॅनाची तयारी नव्हती.

"बाबा, आईंना नको असेल तर मी अशीच राहीन," ती एकदा एमॉसच्या कामाच्या जागी येऊन म्हणाली. "फक्त त्यांना एकदा दगडाचं विचारून बघा."

त्याने विचारलं. साऱ्या गावाला विचारायचा, तसंच, मऊपणे. आधी म्हणाला, "'झोपी गेला' असं घालू या?"

"झोपलेला माणूस उठतो, एमॉस."

काही दिवसांनी म्हणाला, "'घरी बोलावून घेतलं'?"

"त्याचं घर हे. म्हणून तर मी दाराला कडी लावत नाही."

शेवटी उरला तो शब्द त्याने काढला. "मग 'हरवला' घालू. निम्म्या गावाच्या दगडांवर तोच आहे. निम्म्या गावाला चालतो, तुला का चालत नाही?"

टेमरने त्याच्याकडे पाहिलं. "हरवलेलं शोधायचं असतं. आणि त्यांना चालला कुठे? तू दिलास, त्यांनी घेतला. कीझाया म्हातारीला बघ जाऊन."

एमॉस रागावून बाहेर पडला. वारा किनाऱ्याकडे फिरला होता, होड्या परतायची वेळ, म्हणजे कीझाया धक्क्यावर असणारच. नव्वदीला आलेली बाई काठीवर भार देऊन पाण्याकडे बघत उभी होती. तिच्या नवऱ्याचा दगड हे एमॉसचं स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं काम. 'हरवला' हा शब्द त्यानेच तिला सुचवला होता, आणि त्या वेळी तिने त्याचे हात धरून आभार मानले होते.

"एमॉस, तुझी नजर चांगली आहे," ती म्हणाली. "काही दिसतंय का रे?"

"नाही, कीझाया."

"उद्या येतील मग हे."

त्याने तिला शाल नीट लपेटून दिली आणि घरी आला. बराच वेळ तो टोपीही न काढता बसून राहिला. आयुष्यभर आपण लोकांना काय देत आलो, हे त्याला त्या दुपारी कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

"टेमर," तो म्हणाला, "मी नाही सुचवत. तू सांग."

चुलीपाशी हॅना किटली उतरवत होती. टेमरने मांडीवरची अपुरी जर्सी जरा सारखी केली.

"बुडाला," ती म्हणाली. "बुडाला असं कोर."

हॅनाने किटली परत चुलीवर ठेवली. त्या घरात, त्या गल्लीतसुद्धा, तो शब्द तोवर कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

पाद्रीबुवा समजूत घालायला आले. "दुसरा एखादा शब्द पाहता येईल का, बाई?"

"दुसरे सगळे पाहून झाले," टेमर म्हणाली. "चहा घेणार?"

त्यांनी चहा घेतला आणि गेले.

एमॉसने ती अक्षरं कोरली. दगड उभा राहिला त्या दिवशी कोळी तोंड फिरवून पलीकडून गेले; दोघांनी तर त्याच्याशी बोलणं टाकलं. विहिरीवरच्या बायका मात्र हॅनाला काही विचारेनाशा झाल्या, आणि पुढच्या रविवारी पाद्रीबुवांनी प्रार्थनेत लग्नासाठी तिचं आणि सायलसचं नाव वाचलं. कीझाया त्या दिवशीही धक्क्यावर गेली. तिच्या दगडावरचा शब्द आता कोणाला बदलता येणार नव्हता.

प्रार्थनेहून आल्यावर टेमरने सुया काढून ठेवल्या. "हात पुढे कर," ती एमॉसला म्हणाली. त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि ती जर्सी उसवत त्याच्या हातांवर लोकर गुंडाळू लागली. दोराची वीण सुटली, मग शिडी. दोघंही रडत होती आणि कोणी कोणाला थांबवलं नाही.

"लोकर अजून चांगली आहे," टेमर शेवटी म्हणाली. "सायलसच्या अंगाची होईल."

"वीण कुठली घालशील?"

"तो कुठे समुद्रावर जातो," ती म्हणाली. "साधीच विणीन."