नव्या तांदळाचा पहिला घास

न्यूझीलंडमधल्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. आमची कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची आणि रांधायची सोय असलेली गाडी, एका तळ्याकाठी उभी होती. बायको आतल्या शेगडीवर भात शिजवत होती, तेवढ्यात एकोडीहून, म्हणजे आमच्या गावाहून, धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, बाबाले बरं नाही. नवा तांदूळ निघाला, पण खाऊन नाही राहिले. म्हणते, मोठा आला का मंगच खाईन."

आमच्या घरी नव्या धानाचा पहिला घास थोरल्या मुलाने घ्यायचा, मग बाकीच्यांनी. त्यासाठी मी दरवर्षी गावी जायचो. या वर्षी सहलीपायी राहिलं होतं.

"लवकरचं तिकीट भेटत नाही रे," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "तुम्ही चौकशी तरी केली का?"

"बाबा दरवर्षी असंच करतात."

चौकशी मी केलीच नाही. पुढचे तीन दिवस ठरल्याप्रमाणे हिंडलो, बर्फाच्या डोंगरासमोर फोटो काढले. गाडी परत करायच्या सकाळी वडील गेल्याचं कळलं.

तेराव्याला नव्या तांदळाचा भात झाला. पहिलं पान माझं होतं. माझा हात उठेना, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "बाप होता तवा आला नाही, आता कायले थांबून राहिला?"

भाऊ त्यांच्यावर उखडला. "त्याले तिकीटच नाही भेटलं, काका. तो काय करन?"

मी खाली मान घालून घास तोंडात घातला. भावाला मी अजून खरं सांगितलेलं नाही.