म्हातारीच्या मांडीवरचा दगड

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

तोरणमाळच्या घाटात प्रवासी जीप चालवणारा रमेश दोनदा माझ्या शहाद्याच्या गॅरेजवर आला होता. "भाऊ, चढावर गाडी दम खाई ऱ्हायनी." मी जीप सपाट रस्त्यावर फिरवली आणि चारचौघांत त्याला म्हणालो, "गाडी बरोबर शे. तुन्हा पायच जड शे."

आज त्याने मला शेजारी बसवून घाट चढायला घेतला. मागे बाजार करून परतणाऱ्या बाया होत्या. वळणावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन क्षणभर गप्प. जीप मागे सरकली, रमेशने ब्रेक मारला. एक म्हातारी मुकाट्याने उतरली आणि तिने चाकामागे दगड लावला. तो दगड ती खालूनच मांडीवर घेऊन बसली होती!

बॉनेट उघडलं. ॲक्सिलरेटर किती दाबला ते इंजिनला कळवणारा थ्रॉटलचा सेन्सर मागे मीच बसवलेला होता, व्होल्टेज मोजायचा मीटर न लावता, नुसत्या अंदाजाने. पिशवीतला मीटर लावून नीट बसवायला दहा मिनिटं लागली.

मग जीप कुठेही न अडखळता वर गेली. चाकामागचा दगड पुन्हा मांडीवर आला होता. मी म्हातारीला म्हणालो, "आजी, आता टाका तो दगड."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि दगड सीटखाली ठेवून दिला.

तिच्या जागी तुम्ही असता, तर टाकला असता?