जोडलेली चिलीम

अमेरिकेत लेकीकडे गेले असताना एका छोट्या संग्रहालयात कुलूपबंद काचेच्या कपाटातल्या सू आदिवासींच्या वस्तू पाहत होते. गरुडाच्या पिसांचा टोप, साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांनी मढवलेलं सुरीचं म्यान आणि लांब लाकडी नळीला जोडलेली तांबड्या दगडाची चिलीम. दगड इतका गुळगुळीत घासलेला, की हात लावावासा वाटला.

शेजारी त्याच लोकांतली एक वयस्क बाई उभी होती. तिने रखवालदाराला बोलावलं. "दगड आणि नळी वेगळी करून ठेवा. आम्ही प्रार्थनेपुरतीच जोडतो."

"जोडलेली छान दिसते, बाई. आणि आता बंद करायची वेळ झाली."

"करा बंद. प्रार्थना अर्धी टाकून मी जायची नाही," असं म्हणून ती समोरच्या बाकावर बसली.

मला माहेरचं नवरात्र आठवलं. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही, दिव्यापाशी कुणीतरी थांबायचंच. इथे प्रार्थना मांडून वर कुलूप घातलं होतं. कारागिरीला छान म्हणायला काय लागतं? ती करणारी माणसं अजून आहेत आणि त्यांचं ऐकावं लागेल, हे मात्र जड जातं.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्हीही यांच्यातल्या?" रखवालदाराने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "किल्ली आणा."