कासवाच्या पिलांना साबुदाणा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आणि तोंड कुणाचं? — पायाला ठेच लागली तरी तिची रात्रभर रंगणाऱ्या नाटकासारखी दंडार करून सांगणाऱ्याचं! गोंदियाच्या बाजारात मला पाहिलं की लोक हसायच्या तयारीनंच थांबतात. पण या गोष्टीपाशी आलो की जीभ अडते.

तेव्हा आमचा हा गोंदियाचा मुलूख अजून मध्य प्रदेशात होता. शेजारचे झिबलकाका एकटेच राहायचे. त्यांची तीन कासवं होती — टाक्यात एक म्हातारं, नि परातीत रुपयाएवढी दोन पिलं. लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्यांनी ती माझ्या हवाली केली. “लहान्यायले गांडूळ देजो, मोठ्याले पाला. उलटं नोको करजो, बाबू.”

सोपं होतं ना? पण गांडूळ — मला धरवेना. त्याचे तुकडे करायचे म्हणजे तर... किळस आली, बस. हे चारचौघांत कसं सांगणार? मग मी सोंग काढलं. महादेवापुढे बसणारा जीव हा, त्याला मांस? तेही श्रावणात? पिलांपुढे बेलाचं पान, भिजवलेले तांदूळ, सोमवारी साबुदाणा! नागऱ्याच्या देवळात महादेवाचं दर्शन करून येणाऱ्या बाया परातीला हात जोडू लागल्या. काय फुगलो मी!

पिलं मात्र खाईनात. खा ना मेल्यांनो, म्हणून रोज ओरडायचो. परात आपटायचो. कुणावर चिडत होतो मी? परसात, दहा पावलांवर, ओल्या मातीत गांडुळं वळवळत होती. पिलांच्या पाठी मऊ पडल्या, डोळे मिटले — तरी गेलो का तिथवर? नाही गेलो.

काका आले तेव्हा परात रिकामी होती. आणि मी — हो, हेच सांगायचं होतं — मी म्हणालो, साबुदाणा लोकांना दाखवायला होता काका, मागून तुमचं गांडूळच चारत होतो. तेच बाधलं.

इतकं सफाईदार वाक्य मी दंडारीतही कधी बोललो नाही.

काका परातीकडे बघत राहिले. “मंग माह्याच सांगण्यानं मेले का रे?”

मी हो म्हणालो.

म्हाताऱ्या कासवाला ते त्याच दिवशी गावच्या तळ्यात सोडून आले. जन्मभर कासवं पाळलेला माणूस! पुढे कुणी विचारलं, पिलाला काय चारू, तर म्हणायचे, “मले नोको इचारू.”

मी तिथेच बसलेला असायचो. लोकांना हसवत.