एका घराचा एकच नंबर

बारामतीच्या एका दवाखान्यात मी रिसेप्शन सांभाळायचे. नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा आम्हाला शिकवायला पुण्याहून एक साहेब आले. म्हणाले, “आता एक मोबाईल नंबर म्हणजे एक पेशंट. दुबार नोंदी सॉफ्टवेअर आपोआप एकत्र करतं.”

कोऱ्हाळ्याकडच्या बायका नंबर देतात तो घरातल्या कर्त्याचा. सासू, थोरली सून, धाकटी सून, सगळ्यांचा तोच. समोरच्या बाकावर अशाच एका घरातली धाकटी सून डॉक्टरांची वाट बघत बसली होती.

मी तसं सांगितलं. साहेब हसले. “ताई, सवय लावा त्यांना!”

माझं डोकंच सणकलं. “आधी थांबवा ते!” मी ओरडले. पण त्यांनी बटण दाबलं होतं.

पडद्यावर तिच्या घरातल्या तिघींची एकच बाई उरली. नाव धाकटीचं, वय सासूचं, शुगर थोरलीची. धाकटीला पेनिसिलिन चालत नाही, ही लाल अक्षरातली सूचना मात्र गेली होती. तिला स्वतःला औषधाचं नाव कधी सांगता यायचं नाही. विचारलं की म्हणायची, “तुमच्या कॉम्प्युटरमधी हाय की.”

मी बाकाकडं पाहिलं. मघाशी तिथं बसलेली धाकटी आत गेली होती.

मी केबिनकडं धावले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, “सिस्टर, हिला कशाचीच अ‍ॅलर्जी नाही. पेनिसिलिनचं इंजेक्शन द्या.”

“दिलं, सर.”