पट्टीने आखलेली वाट

विमानतळाच्या मागच्या इमारतीत, खिडकी नसलेल्या एका खोलीत सूनबाईची नोकरी. विमान कुठून निघणार, कुठे उतरणार, मधलं अंतर किती, वारा कसा, त्यावरून इंधन किती भरायचं हे ठरवून वैमानिकाला कळवायचं. काम डोक्याला ताप देणारं, पण तिला मनापासून आवडायचं.

नणंद परदेशात बाळंत झाली. नात बघायला सासूबाईंचा जीव तळमळत होता, पण पाऊल उचलत नव्हतं. सासरे बोटीवर खलाशी होते. ते बुडाले, तेव्हा त्यांचा देहसुद्धा हाती लागला नाही. तेव्हापासून सासूबाईंनी समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं.

"पाण्यावरून नेणार असशील, तर मला इथेच राहू दे," त्यांनी सुनेला स्पष्ट सांगितलं.

एका संध्याकाळी त्यांनी शाळेतला जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा नाकावर चढवला आणि दोन्ही शहरांवर पट्टी धरली. पट्टीखाली सगळी जमीनच.

"अगं, बघ तरी! पाण्याचा थेंब नाही. असंच जातं ना विमान, नाकासमोर?"

सून भाजी चिरत होती. सपाट कागदावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर जवळची नसते. जवळची वाट उत्तरेकडे वाकते आणि समुद्रावरून जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जमिनीवरून जाणारं विमानही होतं. पण ते लांबून जायचं, मध्ये एक मुक्काम पडायचा, आणि तिची रजा तुटपुंजी. दोन्ही अंतरं तिने दुपारीच काढून पाहिली होती.

"हो आई, असंच जातं," ती म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

विमानात खिडकीची जागा तिनेच घेतली. विमान वर जाताच झडप खाली ओढली. सासूबाई नातीच्या टोपड्याला लेस लावत, खुशीत गप्पा मारत होत्या. सून हं हं करत होती. तेवढ्यात वैमानिकाने मोठ्या हौसेने सांगितलं, हवा स्वच्छ आहे, खाली समुद्र छान दिसतोय.

सासूबाईंची सुई थांबली.

"झडप वर कर."

"आई, नको ना..."

"कर म्हणते ना."

खाली निळंशार पाणी, नजर पोचेल तिथवर.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"किती आहे हे?"

"सातशे किलोमीटर. तासभर लागेल." आता खोटं बोलायचं तिच्यात धाडस नव्हतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. सुनेच्या अंगावरून वाकून तासभर खाली बघत राहिल्या, जणू कुणाला शोधताहेत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सुनेला वाटलं.

लेकीच्या घरी त्यांनी याची वाच्यता केली नाही. नातीला न्हाऊमाखू घातलं, हसल्या, रमल्या. सुनेशीही नीट बोलल्या. तेच तिला जास्त बोचत होतं.

परतीसाठी तिने साहेबांची बोलणी खाऊन रजा वाढवून घेतली आणि जमिनीवरून जाणाऱ्या विमानाची तिकिटं काढली. "आई, वाटेत समुद्र नाही. शप्पथ."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

विमानतळावर मात्र सामान देताना त्या काउंटरपाशी वाकल्या आणि तिथल्या मुलीला हळूच विचारलं, "बाळ, या विमानाच्या वाटेत पाणी लागतं का गं?"

सून मागे बॅगा धरून उभी होती. तिने ऐकलं, आणि सामानाच्या चिठ्ठ्या उगीचच पुन्हा वाचायला लागली.