सांगून दिलेले पास

बस आगारातल्या टायर-शेडच्या मागे सिमेंटचं मैदान होतं आणि शेडच्या भिंतीवर बास्केटबॉलची एक जराशी वाकलेली रिंग. दिवसभर टायर उतरवून, पंक्चर काढून काळे झालेले हात फडक्याला पुसायचे आणि संध्याकाळी तसंच मैदानात यायचं, हा टप्पाकाकांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यामुळे आगाराच्या मुलींच्या संघाचा बॉल कधी नारिंगी राहिलाच नाही.

टप्पाकाका हे नाव पोरींनीच पाडलेलं. नवी मुलगी आली की पहिला धडा टप्प्याचा.

"टप्पा मधोमध नको. पलीकडे, घेणारीच्या जवळ. बॉल तिच्या कमरेला आला पाहिजे. गुडघ्याशी लोळण घेणारा पास मला नको."

छातीवरून पास देताना कुणाची कोपरं बाहेर गेली की म्हणायचे, "पंख मिटा, कोंबडीबाई. उडायचंय का?"

शेवटी वेणी. तिघीजणी रिंगच्या दिशेने धावायच्या. पास दिला की जिला दिला तिच्या मागून वळसा घ्यायचा, पुन्हा पुढे यायचं, पुन्हा घ्यायचा. बॉल जमिनीला लागला की परत सुरुवातीपासून. आणि हे सगळं तोंड मिटून. "पासला तोंड नसतं," काका सांगत. "नाव घेतलंत की समोरचीला आवतण दिलंत."

अलीकडे मात्र या शांततेची गरज काकांनाच जास्त होती. त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक डाग उगवला होता. कडेकडेचं थोडं दिसायचं; ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलं जायचं. अंधार बाहेरून येतो असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं. हा आतून आला होता आणि बसून राहिला होता. गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

टायरमधला खिळा बोटांना सापडायचा, शेडमधलं काम निभत होतं. घरी बायकोपुढे काही लपलं नाही. "कप इकडे आहे," ती म्हणायची, "टेबलाला किती चहा पाजताय?" पण मैदानात त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. न दिसणाऱ्या माणसाला बाकावर कोण बसू देईल? त्यांना प्रेक्षकांत नेऊन बसवतील, वर पाणीबिणी विचारतील. म्हणून ते कानांनी शिकवू लागले. तळव्यात नीट बसलेला पास चट्‌ वाजतो, मनगटावर आदळलेला थप्प. "कोण ती? बोटं पसर!" ते ओरडत, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत.

अंतिम सामना मात्र बंदिस्त हॉलमध्ये होता. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना गर्दी, पिपाण्या. त्या गदारोळात चट्‌ही गेलं आणि थप्पही गेलं. काका बाकावर मांडीवरचा टॉवेल पिळत बसले. मध्यंतरात मुली भोवती जमल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात वर ठेवा. घाई नको." हे तर कुणीही सांगितलं असतं. संघाची कर्णधार त्यांचीच नात. ती मैत्रिणींना बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटली.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि लगेच तिचा आवाज हॉलभर घुमला, "लंबू, डावीकडे!"

काका ताडकन उठले. "तोंड कुणी उघडलं?"

"आम्ही, काका!" बाकाजवळून पळता पळता चिमणी ओरडली. संघातली सगळ्यात बुटकी पोर; आवाज मात्र बसच्या भोंग्यासारखा. "लंबू, घे, टप्पा!"

"कॅप्टन, डोक्यावरून!"

काका भडकले होते. पण चौथ्या-पाचव्या हाकेला त्यांचा टॉवेलवरचा हात सैल पडला. बॉल कुठे आहे ते त्यांना कळत होतं. डावीकडून मध्ये, मधून कोपऱ्यात. पुसलेल्या जागेत हळूहळू मैदान उभं राहत होतं, त्यात धावणाऱ्या पोरींसकट. ते हळूच खाली बसले. मग गरजले, "कॅप्टन, कोपरा मोकळा सोडू नको!"

पलीकडच्या बाकावर समोरच्या संघाचे कोच केस उपटत होते. "अगं, त्या सांगून देतायत! कान आहेत ना? अडवा की!"

त्या अडवायला धावत होत्या. आधीच ठाऊक असलेल्या जागी हात घालत होत्या, आणि हात पोचेपर्यंत बॉल पुढे गेलेला असायचा.

शेवटी आगाराच्या मुली एका गुणाने मागे होत्या आणि वेळ संपत आली होती. काकांनी हाक दिली, "वेणी!"

"चिमणी!" "कॅप्टन!" "लंबू!" "चिमणी!" बॉल जमिनीला लागला नाही. "लंबू, वर!" मग जाळीचा सळकन आवाज. तो मात्र काकांना सगळ्या गोंगाटातून आला. पाठोपाठ शिट्टी.

घामाने निथळत नात शेजारी येऊन बसली. "आबा, चिडलात?"

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"लंबू तापाने घरी होती ना, त्या दिवशी तुम्ही तिलाच झापलंत, बोटं पसर म्हणून. मग चिमणीच तिच्या आवाजात 'चुकलं काका' म्हणाली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तोंड उघडायचं नाही, असं तुमचंच तर म्हणणं."

काका हसले की खोकले, ते कळलं नाही. तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"आबा, त्यांचे कोच आलेत," नात म्हणाली. जवळपासच्या लोकांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने. "हात पुढे करा. जरा उजवीकडे."

काकांनी हात पुढे केला, टायरच्या काळ्या रेघा असलेला, आणि मिळालेला हात घट्ट धरला.

"मला दिसत नाही हो," ते म्हणाले, छाती पुढे काढून, अगदी खणखणीत. "म्हणून पोरी मला सांगून पास देत होत्या. पण तुमच्या पोरींना तर दिसत होतं ना?"